उपदाढ : रचना, कार्य आणि शाळेतील दंतारोग्य

शरीरविज्ञानाच्या पाठात दातांचे चार प्रकार सांगितले जातात : पटाशीचे दात, सुळे, उपदाढा आणि दाढा. यांपैकी पटाशीचे दात व सुळे मुलांस आरशात सहज दिसतात. दाढांची ओळख दाढदुखीने घरोघरी झालेली असते. उपदाढा मात्र नावापुरत्याच पाठ केल्या जातात. त्या कोठे असतात, कशा असतात आणि त्यांचे स्वतंत्र कार्य कोणते, असे विचारल्यास चांगले विद्यार्थीही घुटमळतात. वस्तुतः प्राथमिक शाळेच्या वयाशी जितका निकट संबंध उपदाढेचा आहे, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या दाताचा असेल. बालक अंगणवाडीत असते तेव्हा त्याच्या हिरडीच्या आत उपदाढेची घडण चाललेली असते; आणि ते चवथी-पाचवीच्या वर्गात बसते तेव्हा ती बाहेर येऊ लागते. म्हणून शिक्षकबंधु-भगिनींना पाठाच्या दृष्टीने व मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीनेही उपयोगी पडावी, अशी या दाताची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

संख्या व स्थान

मनुष्याच्या कायमच्या दातांची संख्या ३२ असते. वरचा व खालचा जबडा यांचे उजवे व डावे असे भाग केले म्हणजे चार समान भाग होतात. प्रत्येक भागात मध्यरेषेपासून मागे जाताना २ पटाशीचे दात, १ सुळा, २ उपदाढा व ३ दाढा असा क्रम लागतो. २, १, २, ३ यांची बेरीज ८ आणि तिची चौपट ३२. यावरून उपदाढा एकूण ८ होतात, हे मुलांस स्वतः काढावयास लावावे.

दुधाच्या दातांचा हिशेब निराळा आहे. प्रत्येक भागात २ पटाशीचे दात, १ सुळा व २ दाढा मिळून ५, आणि एकूण २०. या वीस दातांत उपदाढ नाही. उपदाढा प्रथमच कायमच्या दातांबरोबर येतात आणि त्या दुधाच्या आठ दाढांची जागा घेतात. कायमच्या बारा दाढांना मात्र कोणाचीही जागा घ्यावयाची नसते. त्या दुधाच्या दातांच्या मागे, जबड्याच्या नव्याने वाढलेल्या भागात उगवतात. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढील विवेचनातील बराचसा भाग तीवर आधारलेला आहे.

बाह्यरचना

कोणत्याही दाताचे तीन भाग मानतात. हिरडीच्या बाहेर दिसणारा तो शिखरभाग, हिरडीलगतचा आकसलेला भाग ती मान, आणि जबड्याच्या हाडात रुतलेले ते मूळ. प्रौढ माणसाच्या उपदाढेचा शिखरभाग सामान्यतः ८ ते ८॥ मिलिमीटर उंच असतो व मूळ सुमारे १४ मिलिमीटर लांब असते. म्हणजे जेवढा दात दिसतो, त्याच्या दीडपटीहून अधिक दात हाडात असतो. शेतातील कुंपणाचा खांब जितका खोल पुरावा तितका तो पक्का राहतो, हे मुलांच्या अनुभवातील उदाहरण येथे देता येईल.

सुळ्याला एकच टोक असते. उपदाढेला बहुधा दोन उंचवटे असतात. एक गालाच्या बाजूस व दुसरा आतल्या, म्हणजे टाळूच्या किंवा जिभेच्या बाजूस. दोहोंच्या मध्ये पुढून मागे जाणारी खाच असते. आठही उपदाढा एकसारख्या नसतात. त्यांतील भेद असे :

वरची पहिली उपदाढ. हिचा गालाकडील उंचवटा आतील उंचवट्याहून सुमारे एक मिलिमीटर उंच असतो. हिला बहुधा दोन मुळे असतात. एक गालाकडे व एक टाळूकडे. उपदाढांत दोन मुळे असणारी मुख्यतः हीच.

वरची दुसरी उपदाढ. हिचे दोन्ही उंचवटे जवळजवळ सारख्या उंचीचे असतात आणि मूळ सामान्यतः एकच असते.

खालची पहिली उपदाढ. हिचा बाहेरील उंचवटा मोठा व टोकदार असून आतील अगदी लहान असतो. त्यामुळे ती बरीचशी शेजारच्या सुळ्यासारखी दिसते.

खालची दुसरी उपदाढ. ही आकाराने दाढेच्या जवळ जाते. हिला पुष्कळदा तीन उंचवटे असतात. बाहेर एक व आत दोन. खालच्या दोन्ही उपदाढांना बहुतेक एकेकच मूळ असते.

या क्रमाकडे पाहिले म्हणजे असे दिसते की, सुळ्यापासून दाढेपर्यंत आकारात अचानक बदल होत नाही. एका टोकाचे दोन, दोहोंचे तीन व पुढे दाढेचे चार-पाच उंचवटे अशी पायरीपायरीने वाढ होते. 'उपदाढ' या नावाचा अर्थही त्यावरून स्पष्ट होतो.

अंतर्रचना

उपदाढ उभी चिरून पाहिली तर तिच्यात थर दिसतात. शिखरभागावर सर्वांत बाहेर दंतवल्क, म्हणजे एनॅमल असते. शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ हाच. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या संयुगांचा, म्हणजे खनिज असतो. उंचवट्यांवर हा थर दोन मिलिमीटरांहून थोडा जाड असतो. मानेकडे तो पातळ होत जाऊन संपतो. इतका कठीण असूनही त्याच्यात एक मोठे न्यून आहे. त्याची घडण करणाऱ्या पेशी दात बाहेर येताच नाहीशा होतात. त्यामुळे मोडलेले हाड सांधते, कापलेली कातडी भरून येते. परंतु एकदा खड्डा पडलेले दंतवल्क शरीर पुन्हा बांधू शकत नाही. दाताची निगा आयुष्यभर राखावी लागते, याचे शास्त्रीय कारण हे आहे.

दंतवल्काच्या आत दंतिन, म्हणजे डेंटीन असते. दाताचा बहुतेक भाग याचाच बनलेला असतो. यात सुमारे ७० टक्के खनिज असते व उरलेल्या भागात तंतुमय द्रव्य व पाणी असते. त्यामुळे तो किंचित लवचीक असतो आणि वरच्या कठीण पण ठिसूळ थराला आधार देतो. दंतिनात अतिसूक्ष्म नलिका असतात. कीड येथवर पोहोचली की थंड, गरम व गोड पदार्थांनी कळ येऊ लागते, ती या नलिकांच्या द्वारे.

सर्वांत आत पोकळी असून तीत मऊ दंतमज्जा असते. मुळाच्या टोकावरील बारीक छिद्रातून रक्तवाहिन्या व मज्जातंतू या पोकळीत शिरतात. मुळावर दंतवल्क नसते. तेथे संधानक नावाचा हाडासारखा पातळ थर असतो. त्याच्यापासून निघालेले तंतू जबड्याच्या हाडात रुजलेले असतात. या तंतूंचा पट्टा जेमतेम पाव मिलिमीटर रुंद असतो. तथापि तो गादीप्रमाणे चावण्याचा दाब झेलतो आणि त्या दाबाची वार्ता मेंदूस कळवितो. भातातील एखादा खडा दाताखाली येताच जबडा आपोआप थांबतो, तो या तंतूंतील संवेदनेमुळे.

कार्य

पटाशीचे दात घास तोडतात, सुळे फाडतात आणि दाढा दळतात. उपदाढेकडे या दोहोंमधील काम असते : घास पकडणे, चिरडणे व त्याचे लहान तुकडे करणे. ऊस खाणाऱ्या मुलाचे निरीक्षण करावे. साल सोलताना ते सुळा व उपदाढ यांच्यामध्ये पेरे धरते. रस काढण्यासाठी तुकडा दाढेकडे नेते. भाजलेला हरभरा पुष्कळ जण प्रथम उपदाढेखाली फोडतात व मग दाढेखाली बारीक करतात.

वरच्या जबड्याची कमान खालच्या कमानीहून किंचित रुंद असते. तोंड मिटले असता वरच्या उपदाढांचे बाहेरील उंचवटे खालच्यांच्या बाहेर राहतात. वरच्यांचे आतील उंचवटे खालच्या दातांच्या खळग्यांत व कडांवर टेकतात आणि खालच्यांचे बाहेरील उंचवटे वरच्यांमध्ये बसतात. खलबत्त्यातील बत्ता जसा खलात बसतो तशीच ही योजना आहे. शिवाय वरची उपदाढ खालच्या बरोबर एकाच दातासमोर नसते. तिचा संबंध समोरील दोन दातांशी येतो. एखादा दात गेला म्हणजे केवळ त्याचीच उणीव होत नाही, तर समोरचे व शेजारचे दात आधार सुटल्याने हळूहळू सरकतात, त्याचे कारण हेच.

उपदाढेचे स्थान जोराच्या दृष्टीनेही मधले आहे. जबडा ही एक तरफ असून तिचा टेकू कानापुढील सांध्यात असतो. टेकूच्या जितके जवळ वस्तू ठेवावी तितका तिच्यावर जोर अधिक पडतो. अडकित्त्याच्या टोकाशी सुपारी फुटत नाही, सांध्याजवळ मात्र चटकन फुटते. तरफेचे प्रकार दोहोंत भिन्न असले तरी हा नियम दोहोंस लागू आहे. त्यामुळे पटाशीपेक्षा उपदाढेखाली आणि उपदाढेपेक्षा दाढेखाली जोर अधिक लागतो.

ग्रामीण शाळेत तुलनेसाठी प्राणी हाताशीच असतात. बैलालाही दात ३२ असतात. परंतु त्याच्या वरच्या जबड्यात पुढे पटाशीचे दात नसून कठीण हिरडी असते, आणि जबड्याच्या प्रत्येक भागात ३ उपदाढा व ३ दाढा मिळून चाऱ्याची चक्की बनते. कुत्र्याला प्रत्येक भागात ४ उपदाढा असतात. त्यांपैकी वरची चवथी मोठी व धारदार असून खालच्या पहिल्या दाढेशी कात्रीप्रमाणे घासते आणि मांस कापते. आद्य सस्तन प्राण्यांना प्रत्येक भागात चार उपदाढा होत्या असे शास्त्रज्ञ मानतात. माणसात त्यांपैकी दोनच उरल्या आहेत. आहाराप्रमाणे दाताची घडण बदलते, हा मुद्दा या तीन उदाहरणांनी चांगला ठसतो.

उगम : दुधाच्या दाढेखालील घडण

उपदाढेच्या शिखरभागात खनिज साठू लागते ते बालक दीड ते अडीच वर्षांचे असताना. पाचव्या ते सातव्या वर्षापर्यंत शिखरभाग पुरा होतो. त्यानंतर मूळ वाढू लागते व दात वर सरकतो. सामान्यतः १० ते १२ वर्षांच्या दरम्यान उपदाढा तोंडात दिसू लागतात आणि मुळाची वाढ १२ ते १४ वर्षांपर्यंत पूर्ण होते. काही महिन्यांचे मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. क्वचित एखाद्यास खालची दुसरी उपदाढ जन्मतःच नसते; अशा वेळी दुधाची दाढ बरीच वर्षे जागेवर राहते.

ही सारी घडण दुधाच्या दाढेच्या फाकलेल्या मुळांच्या कवेत होते. उपदाढ वर येऊ लागली की दुधाच्या दाढेची मुळे विरघळत जातात व अखेर ती दाढ आधाराविना पडते. मुलाने पडलेली दुधाची दाढ शाळेत आणली तर तिला मुळे जवळजवळ नसल्याचे दाखवावे. मूळ किडले किंवा आत तुटून राहिले, अशी पालकांची समजूत होते. ती या प्रत्यक्ष दर्शनाने दूर होईल.

दुधाच्या दाढेची रुंदी तिच्या जागी येणाऱ्या उपदाढेहून थोडी अधिक असते. दोन दाढा व सुळा मिळून खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूस सुमारे १.७ मिलिमीटर आणि वरच्या जबड्यात सुमारे ०.९ मिलिमीटर जागा उरते. निसर्गाने राखून ठेवलेली ही जागा दातांची रांग नीट लागण्यास उपयोगी पडते.

"पडणारच आहे" ही घातक समजूत

दुधाची दाढ किडली असता तिच्यावर उपचार करावयास पुष्कळ पालक तयार नसतात. तो दात आज ना उद्या पडणारच, मग खर्च व खटपट कशासाठी, असा त्यांचा सवाल असतो. वरवर पाहता तो पटण्याजोगा वाटतो. परंतु उपदाढेचा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे त्यातील चूक उघड होते.

पहिली गोष्ट अशी की, दुधाच्या दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत कामास यावयाच्या असतात. पाचव्या वर्षी किडलेली दाढ म्हणजे पाच-सहा वर्षांचे दुखणे, अपुरे चर्वण व चुकलेली शाळा.

दुसरी गोष्ट, किडीतून दुधाच्या दाढेच्या मुळाशी पू झाला, तर तो नेमका घडत असलेल्या उपदाढेस भिडतो. तिचे दंतवल्क त्या ठिकाणी अपुरे राहते आणि काही वर्षांनी उपदाढ बाहेर येते ती पिवळट किंवा तपकिरी डाग व खड्डे घेऊनच. दंतवैद्यकात अशा दातास टर्नर यांच्या नावाने ओळखतात. ज्या दाताची सोबत साठ-सत्तर वर्षे व्हावयाची, तो उगवण्यापूर्वीच असा दुबळा होतो.

तिसरी गोष्ट जागेची. दुधाची दाढ फार लवकर काढावी लागली तर तिच्या मागे सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ पुढे सरकते. उपदाढेची राखीव जागा त्यामुळे आक्रसते, आणि ती एक तर आत-बाहेर वाकडी उगवते किंवा हाडातच अडकून राहते.

येथे सहाव्या वर्षीच्या दाढेबद्दलही एक सूचना आवश्यक आहे. ती कोणताही दात न पडता, सर्वांत मागे, निमूटपणे उगवते. पालक तिला दुधाचीच समजतात व ती किडली तरी उपेक्षा करतात. पहिलीच्या वर्गातील प्रत्येक मुलाच्या पालकांस शिक्षकांनी हे आवर्जून सांगावे.

पाण्यातील फ्लोराइड आणि उपदाढेवरील डाग

दातास अल्प फ्लोराइड हितकर असते. अधिक झाल्यास तेच बाधते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे, आणि दुसरे पाणी उपलब्ध नसल्यास ते १.५ मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड इत्यादी जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात हे प्रमाण अधिक आढळले आहे. बालकाच्या दुसऱ्या ते सातव्या वर्षांत असे पाणी पोटात गेले, तर त्या काळात घडणाऱ्या उपदाढांवर खडूसारखे पांढरे पट्टे व तपकिरी डाग उमटतात. डाग दिसतो पाचवीत. पण तो ज्या पाण्याचा, ते पाणी अंगणवाडीच्या वयात प्यालेले असते.

डागांच्या कारणाचा अंदाज शिक्षकांस पुढील खुणेने करता येईल. एखाद्याच उपदाढेवर डाग असेल तर वरच्या दुधाच्या दाढेस झालेला विकार हे कारण संभवते. दोन्ही बाजूंच्या अनेक दातांवर सारखेच पट्टे असतील, आणि वर्गातील पुष्कळ मुलांत तसेच आढळत असेल, तर विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी तपासून घेण्याविषयी ग्रामपंचायतीस अवश्य लिहावे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. म्हणून निर्धोक असा दुसरा स्रोत शोधणे हाच खरा उपाय होय.

कीड कशी लागते व निगा कशी राखावी

उपदाढेच्या उंचवट्यांमधील खाच व दोन दातांमधील फट या ठिकाणी अन्न अडकते. तोंडातील जंतू त्यातील साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दंतवल्कातील खनिज विरघळू लागते. लाळ हे आम्ल हळूहळू निवळते. त्यास अर्धा ते एक तास लागतो. यावरून असे दिसेल की, एकदा खाल्लेल्या गोडापेक्षा दिवसभर थोड्या थोड्या वेळाने चघळलेली गोळी, चॉकलेट किंवा बिस्किट अधिक अपाय करते. कारण लाळेस आपले काम पुरे करण्यास अवकाशच मिळत नाही.

दात सकाळी व रात्री निजण्यापूर्वी, फ्लोराइडयुक्त पेस्ट व मऊ ब्रश यांनी घासावेत. लहान मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ब्रश जोराने आडवा घासू नये. सुळा व उपदाढा कमानीच्या वळणावर असल्याने आडव्या घासण्याचा आघात त्यांच्या मानेवर अधिक होतो व तेथे खाचा पडतात. विटेची पूड, जाड राखुंडी व कोळसा यांनीही दंतवल्क झिजते. मशेरीविषयी तर निराळ्या शब्दांत सांगावयास हवे. ती भाजलेली तंबाखू आहे. तिने दात स्वच्छ होत नाहीत, उलट तिचे व्यसन जडते व मुखरोगांस, कर्करोगासही, वाट मिळते. घरातील वडीलधारी माणसे ती वापरीत असतील तर त्यांचा अनादर न होईल अशा बेताने, परंतु निःसंदिग्धपणे, मुलांस हे सांगितले पाहिजे.

वर्गातील कार्य

पुढील कामे दोन तासिकांत सहज होण्यासारखी आहेत.

१. मुलांनी स्वच्छ हात धुऊन, जिभेच्या टोकाने आपले दात पुढून मागे मोजावेत व पटाशी, सुळा, उपदाढ, दाढ असा तक्ता वहीत भरावा. कोणत्या जागी दुधाची दाढ आहे व कोणत्या जागी उपदाढ आली आहे, हे जोडीदाराने आरशाच्या साहाय्याने पाहावे.

२. ओल्या मातीचा सुळा, उपदाढ व दाढ करावी. उंचवटे मोजून भेद सांगावा.

३. मूठभर फुटाणे सावकाश चावून, घास कोणत्या दाताकडून कोणत्या दाताकडे जातो ते लिहावे.

४. वर्गाची नोंद ठेवावी : काळे खड्डे, डाग, हिरडीवरील पुळी, सैल किंवा वाकडे दात. ही नोंद मुलाचे नाव वर्गात न वाचता ठेवावी. कोणासही लाज वाटेल असे करू नये.

सन २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांच्या विकारांचाही समावेश आहे. तपासणी पथक शाळेत येईल त्या दिवशी ही नोंद त्यांच्यापुढे ठेवल्यास थोड्या वेळात गरजू मुले नेमकी निवडता येतील. हिरडीवर पुळी, गालास सूज किंवा ताप असेल तर पथकाची वाट न पाहता मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा ग्रामीण रुग्णालयात नेण्यास पालकांस सांगावे.

उपदाढ बाहेर येते तेव्हा तिच्या घडणीचा काळ संपलेला असतो. तिचे बरेवाईट ठरते ते बालक अंगणवाडीत व पहिली-दुसरीत असताना, दुधाच्या दाढेची राखण कशी झाली व गावाचे पाणी कसे होते यांवर. म्हणून पाचवीचा पाठ पाचवीच्या मुलांसाठी जितका, तितकाच तो त्यांच्या धाकट्या भावंडांसाठी आहे, असे समजून पालकसभेत या विषयास दहा मिनिटे द्यावीत.